चिंधीच्या वर

धरमतर, ता. पेण
१९ नोव्हेंबर १९९५

चि. पुतळीस गुणाजीचा आशीर्वाद. विनंती विशेष.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र भाऊबीजेनंतर चारच दिवसांनी आलं होतं. आधी उधाणाने मिठागराच्या बांधाला भगदाड पडलं, सगळी माणसं त्याच्यामागे होती. मग चष्म्याची काडी मोडली, ती दोऱ्याने बांधली. पण खरं सांगायचं तर तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. तुला जे विचारायचं ते कसं विचारावं हेच कळत नव्हतं.

दिवाळीत धनेश इथे आठ दिवस राहून गेला. चकल्या खाल्ल्या, खाडीत पोहला, पण शाळेतल्या उडीबद्दल एक शब्द बोलला नाही. आणि शाळेसाठी तुझ्याकडे रोह्याला परत गेल्यावर त्याचं कार्ड आलं. लिहितो, "आजोबा, बांबूउडीत मी आठ फूट ओलांडले. आता म्हसकर सर मला मोठी काठी देणार. बारा फुटी आहे, साठ किलोची." सोबत शाळेचा छापील कागद. अलिबागच्या जिल्हा स्पर्धेला त्याला न्यायला पालकाची सही हवी.

पुतळे, साठ किलो म्हणजे दीड मणाच्या वर झालं. एवढं ओझं घेऊन पोर पळणार कसं आणि उडणार कसं? आपल्याकडचा पिकला बांबू एका हाताने उचलतो आपण. ही काठी कशाची केली आहे? लोखंडाची काय? तुझे म्हसकर सर कोण आहेत, कुठले आहेत, वय काय, त्यांनी स्वतः कधी उडी मारली आहे का? उडून पोर पडतं कशावर? इथे आपण काठीने ओहोळ ओलांडायचो, तेव्हा पडायला चिखल तरी होता. शाळेच्या मैदानात काय असतं?

दत्तात्रेय तिकडे आखातात बोटीवर. जाताना शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून माझं नाव लिहून गेला. पोराचं काही वाकडं झालं तर मुलाला मी काय तोंड दाखवू? शांती म्हणते, मामा, सही करून टाका, इतर पोरं नाय जात काय? ती धनेशची आई खरी, पण तिचं माहेर डोंगराकडचं. तिला काठीचं काय ठाऊक. तुला ठाऊक आहे, म्हणून तुला लिहितो.

सही केलेली नाही. आधी तू स्वतः जाऊन ती काठी बघ.

गुणाजी


रोहा
२४ नोव्हेंबर १९९५

ती. दादास पुतळीचा नमस्कार.

पत्र मिळालं. माझं अक्षर मोठं आहे, एका आंतरदेशीयमध्ये मावत नाही, म्हणून दोन पाठवते. साक्षरतेच्या वर्गातल्या बाईंनी शिकवलं तसंच लिहिते, बारीक काढता येत नाही.

काल शाळेत जाऊन आले. आमच्या गोविंदाची दुसरी पाळी होती, त्याने धाटावला कारखान्यात जाता जाता मला गाडीवरून सोडलं. म्हसकर सर चाळिशीचे आहेत, इथलेच, शेतकऱ्याचे. कॉलेजात असताना उड्या मारायचे. तुझं पत्र मी त्यांना दाखवलं नाही, पण साठ किलोचं विचारलं. ते हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, "आजी, साठ किलो हे काठीचं वजन नाही. साठ किलोपर्यंतचं माणूस ही काठी पेलते, असा तो आकडा आहे." काठी मी हातात घेऊन बघितली. आपल्या बांबूपेक्षा हलकी लागली. आतून पोकळ, वरून गुळगुळीत, पिवळी. फायबरची म्हणतात. मुंबईच्या कुठल्या कॉलेजाने जुन्या म्हणून दोन काढून टाकल्या, त्या सरांनी एस.टी.वर बांधून आणल्या.

आता तुला खरी गंमत सांगते. ती वाकते. धनेशने धाकट्या काठीने उडी मारून दाखवली. पळत आला, जमिनीत एक लाकडी खोबण पुरलेली आहे तिच्यात टोक घुसवलं, आणि काठी कोयतीसारखी वाकली. पण ती मोडली नाही. सरळ होता होता तिने त्याला वर फेकलं, पाय आधी वर गेले, मग कंबर, मग तो पलीकडे पाठीवर पडला. सगळं एवढ्या वेळात, की मी तोंडावर पदर घेतला तो खाली घ्यायच्या आत संपलं.

पडतात वाळूवर. वर भाताच्या तुसाची पोती टाकलेली. पोती बसून गेली होती, ते मला आवडलं नाही. आमची भाताची झोडणी आताच झाली आहे, तेव्हा मी गोविंदाला सांगून गाडीभर नवा पेंढा टाकवला. आता मी स्वतः पडले तरी लागणार नाही.

कागद १६ डिसेंबरपर्यंत शाळेत द्यायचा आहे. स्पर्धा २० तारखेला.

पुतळी


धरमतर
२८ नोव्हेंबर १९९५

चि. पुतळीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. शांतीलाही वाचून दाखवलं. साठ किलोचं समजलं, शांती दिवसभर हसत होती, हसू दे.

पण काठी वाकते हे वाचल्यापासून मला चैन नाही. आपल्या वडिलांनी काय सांगितलं होतं? काठी अंगावर तोलून बघायची, वाकली तर चुलीत घालायची. वाकणारा बांबू म्हणजे कोवळा किंवा किडलेला. अमावास्येला तोडलेला, एक पावसाळा चिखलात मुरवलेला, मग सावलीत वाळवलेला बांबू वाकत नाही. आणि हे लोक मुद्दाम वाकणारी काठी करतात? वाकली की जोर कुठे जातो? परत वर येतो म्हणतेस, तो कसा येतो? सरांना विचार. आणि किती उड्यांनंतर ती मोडते हेही विचार. प्रत्येक गोष्ट कधी ना कधी मोडते.

म्हणून मी एक केलं आहे. माळ्यावर माझा जपलेला बांबू होता, अकरा हात लांब, तो काढला, तेल लावलं आणि उद्याच्या पेण-रोहा गाडीच्या टपावर टाकतो आहे. कंडक्टर ओळखीचा आहे, गिरजाबाईचा नातू. गोविंदाला स्टँडवर पाठव. बांबूला मी आपली लाल चिंधी बांधली आहे, बुंध्यापासून सहा हातांवर. धनेशला म्हणावं, उडायचंच तर या काठीने उड, आणि हात चिंधीच्या वर न्यायचा नाही. दर नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ दिला की घरातल्या मोठ्याने चिंधी मूठभर वर सरकवायची, हा आपला रिवाज आहे. तो मी येत्या वर्षी पाळीन. तोवर नाही.

तूच त्याला सांग. तुझ्या पायाची गोष्ट सांग. तुझ्याकडे बघून तरी तो ऐकेल.

कागद माझ्याकडे आहे. सही केलेली नाही.

गुणाजी


रोहा
४ डिसेंबर १९९५

ती. दादास नमस्कार.

बांबू पोचला. गोविंदा म्हणतो, पुन्हा असं काही पाठवायचं असेल तर आधी कळव. बाजारपेठेतल्या वळणावर तो बांबू खांद्यावर घेऊन वळला आणि मागच्या टोकाने एका सायकलवाल्याची टोपी उडवली.

म्हसकर सरांना बांबू फार आवडला. पेरं मोजत बसले, कुठल्या बेटातला, किती वर्षांचा, विचारत होते. त्यांनी त्याला काम दिलं आहे. उडी मारताना जी आडवी काठी ओलांडायची, ती दर वेळी खाली पडते. ती वर चढवून खुंट्यांवर ठेवायला तुझा बांबू लागतो. उडायला नको म्हणाले. तू रागावशील, पण आधी पुढचं वाच.

मी त्यांना तुझे सगळे प्रश्न विचारले. जोर कुठे जातो म्हणालास. त्यांनी जमिनीवर फोकाने काढून दाखवलं. पोर जेवढं जोरात पळत येतं तेवढा जोर वाकलेल्या काठीत साठतो, आणि ती सरळ होताना तो परत देते. मग मी म्हटलं, तर लहान काठीच बरी, थोडा जोर, थोडी उडी. तर म्हणाले, "नाही आजी. लोक इथेच चुकतात. पोर वाढलं, त्याची धाव वाढली आणि काठी तीच राहिली, तर ती काठी त्याला पेलत नाही. नको इतकी वाकते, किंवा न वाकणारी असली तर धावेसरशी भर्रकन पुढे पडते आणि त्याला पलीकडे फेकून देते, जिथे वाळू नसते तिथे. मोठी काठी माणसाला सावकाश वर नेते आणि जागेवर सोडते. पोर मोठं झालं, की लहान काठीच धोक्याची."

धनेश आता चौपन्न किलोचा आहे. धाकटी काठी पन्नासची.

पण दादा, एक वेगळंच झालं आहे. सरांनी चार दिवस झाले त्याला मोठी काठी दिली आहे. तो चांगला पळत येतो, खोबणीपाशी येतो आणि काठी सोडून देतो. रोज. दहा वेळा, पंधरा वेळा. सरांना कळेना, पोराला झालं काय. काल घरी आला, पाय धुऊन माझ्यापाशी बसला. म्हणाला, "आजी, तू चिंधीच्या वर हात नेलास ना, तेव्हा तुला कळलं होतं काय, की आता आपण पडणार?"

तो लहानपणापासून तुझ्या तोंडून हीच गोष्ट ऐकत आला आहे. मोठ्या काठीवर हात वर घ्यावा लागतो, आणि हात वर गेला की त्याला माझा पाय दिसतो. मी म्हटलं, भाकरी गरम आहे, जेव आधी.

तुला एकच विचारते. त्या वर्षी माझी काठी किती हातांची होती, तुला आठवतं काय?

पुतळी


धरमतर
९ डिसेंबर १९९५

चि. पुतळीस आशीर्वाद.

आठवतं. सात हातांची होती. चिंधी पाच हातांवर.

हे लगेच लिहिता आलं असतं. पण तुझं पत्र आल्यावर आधी मला बघायचं होतं, की सर म्हणतात ते आपल्या बांबूलाही लागू आहे की नाही. फायबरचं मला काय कळतं. म्हणून परवा भरती उतरल्यावर दोन काठ्या घेऊन बांधावर गेलो. एक आखूड, एक लांब. बांधाच्या पाणी सोडायच्या उघाडीच्या अलीकडे जिथे पाणी हातभरच असतं, तिथला ओहोळ निवडला. आधी आखूड काठी टेकवली, जराशी धाव घेतली, आणि ती मला घेऊन अशी पुढे कोसळली की मी पलीकडच्या चिखलात गुडघ्यावर आपटलो. मग लांब काठी. तीच धाव. ती उभी राहिली, जराशी थांबली, आणि तिने मला पलीकडे ठेवलं. खरंच ठेवलं, पुतळे, जसं हंडा उतरवून ठेवतात तसं. अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

तेवढ्यात शांती बांधावरून धावत आली. म्हणाली, "मामा, तुमचं वय काय, तुम्ही करता काय? धनेशला उडायला सही देत नाय आणि आपण उडता व्हय?" गुडघा भोपळ्यासारखा सुजला आहे. हळद लावून बसवून ठेवलं आहे मला, म्हणून बसल्या बसल्या हे लिहितो.

आता जे तीनदा फाडलं ते लिहितो.

वडील गेल्यावर चिंधी सरकवायचं काम माझ्याकडे आलं. तू बारा वर्षांची होतीस. त्या नारळी पौर्णिमेला तू काठी घेऊन उभी राहिलीस आणि मी म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही तेच म्हटलं. तू दोन वर्षांत माझ्या खांद्याला लागलीस, गड्यासारखी पळायला लागलीस, नवी लांब काठी तोडून दे म्हणून मागे लागलीस. मी नाही दिली. भीती वाटत होती म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. भीती होतीच. पण मोठा ओहोळ तेव्हा मी एकटा ओलांडत होतो, आणि तू तो ओलांडशील हेही मला दिसत होतं.

त्या दिवशी तू उघाडीच्या दगडांवर पडलीस. तू ओरडत होतीस आणि मी, तुझा थोरला भाऊ, आधी काठी उचलली. तुझ्या चिखलाच्या बोटांचे ठसे तिच्यावर उमटले होते. ते चिंधीच्या खाली होते. चार बोटं खाली. चिंधीच्या वरचा बांबू कोरडा होता, स्वच्छ. मी ती काठी ओहोटीच्या पाण्यात सोडून दिली, मग तुला पाठीवर घेतलं, आणि घरी जाऊन आईला सांगितलं, पोरीने चिंधीच्या वर हात नेला.

सेहेचाळीस वर्षं हेच सांगतो आहे. सगळ्या गावाला, दत्तात्रेयाला, आणि त्याच्या पोराला मांडीवर घेऊन. इतक्या वेळा सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं होतं. पण त्या ठशांची आठवण गेली नाही. मला वाटायचं, तुझा निष्काळजीपणा नव्हता तरी काठी मोठी असती तर आणखी वाईट झालं असतं. आता तुझे सर म्हणतात, मोठी असती तर तू पडलीच नसतीस.

पाय मोडला म्हणून तुला लांब रोह्याला दिली, बिजवराला दिली. हे सगळं माझ्यामुळे. तू मला काय वाटेल ते लिही. कागद अजून माझ्यापाशीच आहे. हात उचलत नाही.

गुणाजी


रोहा
१२ डिसेंबर १९९५

ती. दादास नमस्कार.

मला ठाऊक होतं. माझेच हात होते ना ते.

काठी तू पाण्यात सोडलीस तेही मी पडल्या पडल्या बघितलं होतं. आईने विचारलं तेव्हा मी गप्प बसले, कारण तू दाराआड उभा होतास आणि तुझे दात वाजत होते. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर हा घर सोडून जाईल, आणि मग आमचं कोण? नंतर तू काठीला हातच लावला नाहीस. सगळे म्हणायचे, बहिणीच्या दुःखाने याने उडी सोडली. मी म्हणायचे, सोडू दे. एवढं माझ्या मनाला बरं वाटायचं, तेही खरंच सांगते.

मोठ्या ओहोळाचंही मला ठाऊक होतं. मी तो ओलांडलाच असता.

बिजवराचं म्हणशील तर त्यांनी मला कधी लंगडी म्हणून हाक मारली नाही. गोविंदा झाला, घर झालं. इथली माती पायाखाली घट्ट आहे. तेव्हा माझ्यासाठी रडू नकोस, गुडघ्याकडे लक्ष दे.

पण एक ऐक. तेव्हा मी गप्प बसले, आता बसणार नाही. त्या पोराची चिंधी तू धरून ठेवली आहेस. एक हात कागदावर आहे आणि दुसरा त्या जुन्या गोष्टीवर. कागद सोडलास तरी तो उडणार नाही. आजही खोबणीपाशी येऊन त्याने काठी टाकली. सर म्हणाले, शनिवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसऱ्या पोराला नेतो.

खरं काय ते मी त्याला सांगू शकते. पण मी सांगितलं तर त्याला वाटेल, आजी त्याची भीती घालवायला काहीतरी रचून सांगते. हे तुझ्याकडून जायला पाहिजे.

टपालावर विसंबू नकोस. दिवस थोडे आहेत.

पुतळी


धरमतर
१५ डिसेंबर १९९५

चि. पुतळीस आशीर्वाद.

हे पत्र शांती घेऊन येते आहे, सकाळच्या गाडीने. तिच्या पिशवीत तीन वस्तू आहेत, नीट बघून घे. ती वेंधळी नाही, पण गाडीला गर्दी असते.

एक, शाळेचा कागद. सही केली आहे. पहिली सही रेघेच्या बाहेर गेली म्हणून खाली दुसरी केली, दोन्ही माझ्याच आहेत असं सरांना सांग. दोन सह्या चालतात ना, हे विचार. चालत नसतील तर शांतीचा अंगठा नको, ती सही करते, तिची घ्या.

दुसरा, धनेशच्या नावाचा घडी केलेला कागद. तुला लिहिलं तेच त्याला लिहिलं आहे, काही गाळलं नाही. खाडीचं, ठशांचं, आईला काय सांगितलं त्याचं. शेवटी लिहिलं आहे, "तुझ्या आजीने हात चिंधीच्या वर नेला नव्हता. चिंधी खाली होती." वाचल्यावर तो मला आजोबा म्हणेल की नाही ठाऊक नाही. तू तिथे बसून राहा. त्याने काही विचारलं तर खरं सांग, माझी बाजू घेऊ नकोस.

तिसरी, चिंधी. बांबूवरची नव्हे, नवी आहे, शांतीच्या लुगड्याची फाडली. सर मोठ्या काठीवर जिथे हात धरायला सांगतील तिथे ती बांध. सर चिकटपट्टी लावत असतील तर तिच्या खाली बांध, हाताला गाठ लागू देऊ नकोस. आणि ही तू बांधायची. मी नाही, सरांनी नाही. घरातल्या मोठ्याचं काम आहे ते, आणि या घरात ते तूच करायला हवं होतंस. नारळी पौर्णिमा गेली म्हणून काय झालं. शांतीजवळ एक नारळही दिला आहे. तिथे खाडी नाही, तर कुंडलिका नदीत सोड.

मी येत नाही. गुडघा आहेच, पण गुडघा नसता तरी आलो नसतो. तो पळत निघाला की माझ्या तोंडून "थांब" निघेल.

पेंढा पुन्हा बघ, दव पडून बसला असेल. वारा कुठून आहे तेही सरांना विचार. मोठ्या काठीला वाऱ्याचं काही होतं काय? लांब काठी वाऱ्यात हलते, आपल्या होडीवर हलायची. आणि वाकल्यावर ती एका बाजूला फिरत नाही ना? हे विचारायचं राहूनच गेलं.

२० तारखेला दिवसभर मी बांधावर असेन. मिठागरात पाणी घ्यायचं आहे, पण माझं लक्ष राहणार नाही. किती फूट झाले, नंबर आला की नाही, ते सावकाश लिही, नाही लिहिलंस तरी चालेल. पण तू त्याच्याबरोबर अलिबागला जा, आणि तो खाली कसा उतरला तेवढं त्याच दिवशी कळव. अलिबागहून वडखळला येणाऱ्या कुठल्याही गाडीच्या कंडक्टरजवळ दोन ओळींची चिठ्ठी दे. मी वडखळच्या स्टँडवर मिठागरातल्या रघूला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवतो. अक्षर मोठं असलं तरी चालेल, पुतळे. लवकर कळव.

तुझा दादा
गुणाजी